बॉनेटखालची बाळंतीण

मेहुणा दोन दिवसांसाठी म्हणून आला, त्याला पंधरवडा होत आला होता. अखेर आज तो निघाला, तेव्हा कलमसाहेबांनी त्याची बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. एरवी ते स्वतःचा टॉवेलही उचलत नसत.

साहेब वन्यजीव खात्यात तक्रारी ऐकायच्या टेबलावर होते. "घरट्यात अंडी आहेत ना? मग हात लावायचा नाही. पिल्लं उडेपर्यंत थांबा. कायदा आहे," असं दिवसभर फोनवर बजावायचं आणि वर कलमाचा आकडा ऐकवायचा. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं.

मेहुण्याने पाणी बघायला बॉनेट उघडलं आणि तो ओरडला, "अगं ताई, हे बघ!"

इंजिनाच्या शेजारी काटक्या-कापसाचं घरटं, घरट्यात अंडी आणि कुंपणावर चिमणीचा नुसता थयथयाट.

"थोडं उचलून बाजूला ठेवू. कोण बघतंय?" साहेब हळूच म्हणाले.

"मी बघतेय की!" कुंपणापलीकडून शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या मोरीच्या खिडकीत घरटं होतं, म्हणून साहेबांनी त्यांना ऐन थंडीत फुटकी काच बदलू दिली नव्हती. "ठेवा ना बाजूला. मी फक्त फोटो काढते."

साहेबांनी आत जाऊन, नाक दाबून ऑफिसला फोन लावला. "बाई, गाडीत घरटं आहे हो. पण गाडी हलवणं फार निकडीचं आहे..."

"पिल्लं उडेपर्यंत थांबा. कायदा आहे," पलीकडून टेबलावरची सहकारी म्हणाली. "आणि साहेब, सर्दी झाली असेल तर उद्या रजा टाका."

"मग बसने जाऊ दे त्याला," साहेबांनी शेवटचा उपाय काढला.

बायकोने डोळे वटारले. "माझा भाऊ गाडीने आला, गाडीनेच जाईल."

झालं! बॅग परत आत आली. मेहुणा साहेबांच्या आरामखुर्चीत ठाण मांडून बसला. आंघोळीला शिरला की गरम पाणी संपवूनच बाहेर यायचा. साहेब रोज सकाळी बॉनेटच्या फटीतून आत डोकावत आणि "भरव गं बाई, पोटभर भरव," असं चिमणीला काकुळतीने सांगत. स्वतःच्या मुलांच्या वेळीही त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

एकदाची पिल्लं उडाली. साहेब धावतच घरात शिरले. "उडाली! सगळी उडाली!"

"सुटलो बुवा!" मेहुण्याने टुणकन उडी मारली आणि बॅग घेऊन तो थेट गाडीत जाऊन बसला. "चहासुद्धा नको, भाऊजी!"

"सुटलो म्हणजे?"

"आता निघतोच आहे, तर सांगून टाकतो. पहिल्या दिवसापासून जीव नकोसा झाला होता. ती खुर्ची पाठीत टोचते, जेवण अळणी, आणि तुमचं ते कलमपुराण! दुसऱ्याच दिवशी निघणार होतो, पण ताई म्हणायची, ह्यांना वाईट वाटेल. राहिलो बिचारा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. आजवर त्यांच्या पाहुणचाराला कोणी नावं ठेवली नव्हती. असा माणूस चार ठिकाणी जाऊन काय काय सांगेल!

त्यांनी गाडीत हात घालून किल्ली काढली आणि बॅग ओढली.

"असा कसा जातोस? आठ दिवस राहायचं. मग बघतो, कोण नावं ठेवतं ते!"