प्रवाशांनी नोंद घ्यावी

सुकलाल नाना शिंकायच्या आधीसुद्धा सूचना देतात. तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, पण आमच्या वर्गातल्या कुणालाही विचारा. सर लेन्सबद्दल काहीतरी फार महत्त्वाचं सांगत होते. मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "प्रवाशांनी नोंद घ्यावी," आणि मग ती शिंक. खिडकीवरची कबुतरं उडाली, सरांच्या हातातली लेन्स पडता पडता वाचली. नानांनी शांतपणे रुमाल काढून नाक पुसलं, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" म्हणाले आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

नाना धुळ्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्या फलाटाला लावायच्या आणि माइकवरून गावांची नावं पुकारायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांना तेल चोळतात, देवळाचे ट्रस्टी होतात, सुनेच्या आमटीत खोट काढतात. नानांनी धुळ्याहून बसने ये-जा करत जळगावला आमच्या कॉलेजातल्या फिल्मच्या सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. पहिल्या दिवशी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते दारात उभे राहिले, तेव्हा हेच सर असं समजून आम्ही सगळे उठून उभे राहिलो. नानांनी हातानेच बसा म्हणून सांगितलं. मग खरे सर आले, तेव्हा कुणीच उठलं नाही. सरांनी ते मनात ठेवलं असावं, असा माझा आपला संशय.

नानांची दुसरी खोड हातांची. तोंडाने गावाचं नाव घेतलं की हात आपोआप हलायचा. साक्री म्हटलं की बोटांनी हवेत डोंगर निघायचे. नरडाणा म्हटलं की मूठ उभी धरून तिच्यातून धूर सोडल्यासारखी बोटं उघडायची. धुळे म्हणताना डोळा चोळायचे, कचरा गेल्यासारखा. आणि जळगाव आलं की चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून ते सारखं उलटंपालटं करायचे. हे काय आहे ते आम्हाला कळत नव्हतं. इम्रान म्हणायचा, इतकी वर्षं माइक धरून हाताच्या नसा बिघडल्या असतील. मी त्याला गप्प बस म्हणायचे, पण माझंही मत तेच होतं.

हा इम्रान माझ्या गटातला. त्याच्या वडिलांचं जळगावात टेलरिंगचं दुकान, वरच्या खोलीत याचा कॉम्प्युटर. वर्षाच्या शेवटी आम्हाला तिघातिघांच्या गटाने एका फिल्मची फक्त सुरुवात करायची होती. अख्खी फिल्म नाही, नुसता ओपनिंग सीक्वेन्स, दोन-तीन मिनिटांचा. ज्यांचा जमेल त्यांचाच कॉलेजच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर, घरच्यांसमोर दाखवणार होते. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला इम्रान आणि नाना आले. कॅमेरा आणि एडिटिंग इम्रानकडे, दिग्दर्शक मी, नट नाना. गोष्ट साधी होती, स्टँडवरच्या कंट्रोलरचा नोकरीतला शेवटचा दिवस. दिग्दर्शक मी होते ते कागदावर, हे पुढे कळेलच.

स्टोरीबोर्ड काढून आणा म्हटलं, तर नाना वेळापत्रक घेऊन आले. प्रत्येक शॉटची सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ, मधले थांबे. छोटा शॉट म्हणजे 'जलद', आणि न तोडता घ्यायचा लांबलचक शॉट म्हणजे 'विनाथांबा'. मी चिडून म्हटलं, नाना, ही फिल्म आहे, डेपो नाही. त्यावर ते म्हणाले की ताई, फिल्मसुद्धा वेळेवर सुटली नाही तर माणसं दुसऱ्या गाडीने निघून जातात. पुढे आम्हीही 'हा विनाथांबा घेऊ या का' असं विचारायला लागलो, आणि ती सवय अजून जात नाही.

खरं वाजलं ते आवाजावरून. माझ्या डोक्यात सुरुवात पक्की होती. पडदा काळा, काही दिसत नाही, फक्त नानांचा आवाज गावांची नावं पुकारतोय. त्या आवाजाचं काय सांगू! साक्रीचं नाव ते असं घेतात की काही काम नसताना साक्रीला जाऊन यावंसं वाटतं. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, हे ठेवलंत तर तुमचं हॉलमध्ये नक्की. नाना मात्र नुसती मान हलवत राहिले. आवाज घ्या, पण काळा पडदा नको.

"आवाज बंद करा, तरी बठ्ठं समजाले पाहिजे," एवढंच त्यांचं म्हणणं. बठ्ठं म्हणजे सगळं.

एरवी नाना कॉलेजात माइकवरची शुद्ध मराठी बोलायचे. अहिराणी निघाली की समजायचं, आता हा माणूस जागचा हलत नाही. का नको, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी दिग्दर्शक होते ना! एडिटिंगला बघू म्हटलं आणि शूटिंगची तारीख ठरवली.

शूटिंग धुळ्याच्या स्टँडवर, रीतसर परवानगी काढून. नानांना त्यांच्या जुन्या खिडकीत, बंद माइकसमोर बसवलं. माइक बंद होता, गळा नव्हता. 'शिरपूरकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे' असं त्यांनी म्हणायचा अवकाश, बाकावरचं एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड उठलं. बोचकी, डबे, पोरं, एक आजोबा, सगळे धावत जाऊन समोरच्या रिकाम्या गाडीत बसले. ती बिचारी पंक्चर काढायला थांबली होती. इम्रान खूश, असा शॉट ठरवून मिळत नाही. नानांचा चेहरा मात्र पडला. कॅमेरा चालू असतानाच ते उठले, त्या गाडीत चढले, आजोबांची हात जोडून माफी मागितली आणि खरी शिरपूर गाडी येऊन सगळ्यांना जागा मिळेपर्यंत तिथेच उभे राहिले. चुकीची सूचना दिली हे त्यांना दिवसभर लागून राहिलं.

पुढच्या प्रत्येक टेकला खिडकीत कुणीतरी डोकं घालायचं, नाना, अमळनेर कधी? आणि नाना भूमिका सोडून उत्तर द्यायचे. मी वैतागले, तर म्हणाले, चौकशीच्या खिडकीचा नियमच आहे, कुणी विचारलं तर सांगायचं, न विचारता सांगायचं नाही.

एडिटिंगला त्यांनी नवीनच खूळ काढलं. इम्रान एखादा तुकडा दाखवायचा, की नाना पुढे वाकून आवाज शून्यावर आणायचे आणि पुन्हा पहिल्यापासून लाव म्हणायचे. इम्रानने इंजिनाची घरघर, चहाच्या ग्लासांची किणकिण, झाडूची खसखस सगळं जीव लावून बसवलेलं. तो म्हणाला, नाना, हे म्हणजे नाक दाबून बिर्याणी खाण्यासारखं आहे. नानांनी ऐकून घेतलं आणि आवाज बंदच ठेवला. असं करत करत आम्ही सुरुवातीच्या काळ्या पडद्यापाशी आलो. तिघंही त्या काळ्या चौकोनाकडे बघत बसलो. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता तेवढाच.

"इथे काय समजलं?" नानांनी विचारलं.

इम्रान म्हणाला की इथे समजायचं काही नाही, इथे ऐकायचंच आहे. नाना उठले, चप्पल घातली आणि आम्हा दोघांना रविवारी धुळ्याला जेवायला या म्हणून सांगितलं.

दार उघडलं ते एका ठेंगण्या, हसऱ्या बाईंनी. त्या नानांच्या बायको, सगळी आळी त्यांना अक्का म्हणते. अक्कांनी आमच्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि चिमटीत काहीतरी धरल्यासारखं करून उलटंपालटं केलं. घरात भरताचा वास सुटलेला, आणि विस्तवावर वांगं भाजताना हात असाच फिरतो. मला वाटलं, भरीत खाणार का विचारतायत. मी आपली बोटांनी 'थोडंसं' अशी खूण केली. अक्का गोंधळून नानांकडे बघायला लागल्या.

"ताई," नाना म्हणाले, "ती विचारतेय, जळगावहून आलात का. तुम्ही म्हणालात, थोडंसं."

अक्कांना जन्मापासून ऐकू येत नाही. खुणांची भाषा शिकवणारं दोघांच्याही गावात कुणी नव्हतं, ती त्यांनी लग्नानंतर आपली आपण केली. नाना ड्यूटीवरून आले की दिवसभराच्या गाड्या हातांनी सांगायचे. कुठली वेळेवर सुटली, कुठली घाटात बसली, कुणाची चुकली, माहेरहून परतताना फलाटावर कोण रडलं. त्यासाठी प्रत्येक गावाला खूण लागली. साक्रीला डोंगर, नरडाण्याला कारखान्याचा धूर, धुळ्याला धूळ, जळगावला भरताचं वांगं. मग हातांना तीच सवय लागली, माइकवरही सुटेना. जेवताना नाना आमच्याशी एखाददुसरा शब्द बोलले असतील, बाकी सगळा वेळ दोघांचे हात चालले होते आणि अक्का खुदुखुदु हसत होत्या. साऱ्या पंचक्रोशीने या माणसाच्या आवाजावर गाड्या पकडल्या, आणि घरच्या माणसाने तो एकदाही ऐकला नव्हता.

इम्रानने विचारलं, नाना, हे आधी का नाही सांगितलंत? नाना म्हणाले, तुम्ही चौकशी केली नाही.

मग भाकरी मोडता मोडता, ताटाकडे बघतच म्हणाले, "ती हॉलमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन बसेल. आयुष्यभर मी काय केलं ते तिला पहिल्यांदा दिसणार. आणि पहिल्याच मिनिटाला तिच्यापुढे अंधार?"

काळा पडदा गेला. आम्ही पुन्हा स्टँडवर जाऊन एकच शॉट घेतला, माइक आणि नानांचे हात, बाकी काही नाही. अर्थात विनाथांबा. आवाज गावं पुकारत होता आणि खाली हात चालले होते. डोंगर झाले, धूर झाला, वांगं भाजून झालं. मधेच एक खूण मला नवी दिसली. बोटं कपाळाला लागली, तिथून मनगटावर आली, आणि तळहात हळूच उलटा झाला. कुठलंतरी आडबाजूचं खेडं असेल म्हणून मी सोडून दिलं.

सरांना काळ्या पडद्याची हळहळ वाटली, पण हात बघून त्यांनी होकार दिला. कार्यक्रमाला अक्का खरोखरच सगळ्यांच्या आधी आल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, पहिली रांग, शेजारी नाना, मागे आम्ही दोघं. दिवे मालवले. हॉलभर आवाज घुमला, लोक एकदम शांत झाले. अक्कांच्या मांडीवर त्यांचे हात पडद्याबरोबर हलत होते. डोंगर, धूर, वांगं. मग ती नवी खूण आली आणि अक्कांचे हात थांबले. त्यांनी वळून नानांकडे पाहिलं, पदर तोंडावर धरला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. हसता हसता नानांच्या गुडघ्यावर एक चापट मारली. अख्ख्या हॉलमध्ये दुसरं कुणी हसलं नाही.

पुढचा सीक्वेन्स अक्कांनी पाहिलाच नाही. इम्रानने एवढे जीव तोडून कट जुळवलेले, आणि त्या आपल्या नानांकडेच बघत बसल्या. डोळेही पुसत होत्या. माझेही भरून आले होते, ते मी इम्रानला दिसू दिले नाहीत.

बाहेर पडल्यावर मी नानांना गाठलं. म्हटलं, नाना, आता रीतसर चौकशी करते. ती मधली खूण कुठल्या गावाची? नानांनी अक्कांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली, घसा साफ केला, आणि पहिल्यांदाच चौकशीच्या खिडकीचा नियम मोडला.

"प्रवाशांनी नोंद घ्यावी," ते म्हणाले, "ती सूचना प्रवाशांसाठी नव्हती."