भानू पेंटरचा तांबडा काळ

भानू पेंटर सकाळी ब्रश उंचावून "काळ बदलला!" असं ओरडला, की शहागडात थांबलेले ट्रकमालक आपापल्या गाडीकडे धावायचे. काल एकाच्या ट्रकमागे रंगवलेली गाय सरळ निघाली असेल, तर आज दुसऱ्याच्या मागे ती कशी निघेल, हे खुद्द गायीलाही सांगता आलं नसतं.

हे खूळ भज्यांच्या कागदातून आलं. त्यावर कुणा जगप्रसिद्ध विलायती चित्रकाराची हकिगत छापली होती. तो म्हणे काही वर्षं एका तऱ्हेने चित्रं काढायचा, मग सगळं मोडून दुसऱ्याच तऱ्हेने. प्रत्येक तऱ्हेला त्याचा अमुक काळ, तमुक काळ म्हणतात. भानूने तो तेलकट कागद शेजारच्या माझ्या स्पेअरपार्टच्या दुकानात आणून माझ्या नाकासमोर नाचवला.

"परल्हाद, त्याचे काळ, मंग आपले काहून न्हाईत?"

तोवर त्याच्या गायीच्या शेपटीचा केस न् केस दिसायचा. तो झाला 'बारीक काळ'. मग 'जाड रेघांचा काळ' आला, मग 'तिकोनी काळ'.

"पेंटर, ही गाय हाय का समोसा?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"मॉडर्न हाय! जालन्यात विचार कुणालाबी!"

आणि काय सांगू, जालन्याहून खरंच कॉलेजची पोरं आली! त्या समोशाचे फोटो मोबाइलवर असे फिरले की लांबलांबचे ट्रकवाले तिकोनी गाय मागत येऊ लागले. मीही छाती फुगवून सांगायचो, हा आमचा शेजारी.

काळ कोणताही असो, एक रिवाज पक्का होता. रंगवलेला ट्रक रिव्हर्स घेऊन भानूच्या ओट्याला लावायचा. तिथे त्याची बायको, मीरावहिनी, शेंगा सोलत बसलेली असायची. तिने चित्र ओळखलं की भानू "पास!" म्हणणार, मगच गाडी सुटणार. बायकोला भितो म्हणून आम्ही त्याला भरपूर छळायचो. वहिनी अडखळली की त्याचं तोंड उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी काळ बदलायचा. कलावंत म्हटला की असा चक्रमपणा चालायचाच, असं मी धरून चाललो होतो.

परवा त्याने रंगात चक्क लाकडाचा भुसा कालवला. "खडबडीत काळ!" कुंभार पिंपळगावच्या एका मालकाने पांढरीशुभ्र गाय आणि वासरू सांगितलं होतं. गाय पांढरी झाली, पण अंग पायपुसण्यासारखं खरखरीत.

रंग वाळल्यावर ट्रक ओट्याला लागला. मालक पुढे केबिनमध्येच बसून होता. वहिनी उठली आणि कौतुकाने ट्रकच्या मागच्या फळीवर हात फिरवू लागली. शिंगं, पाठ, वासराची मान. तिचा चेहरा एकदम फुलला.

"गाय हाय. वासरू पिऊन राह्यलंय!"

"बराबर! पास!" भानू जागच्या जागी नाचला.

"आन् तांबडा रंग काय खुललाय वं! माझ्या माहेरची गाय अशीच तांबडी व्हती."

"अहो वहिनी..." मी तोंड उघडलं, तोच भानूने माझा दंड करकचून दाबला.

"तांबडीच हाय," तो म्हणाला. "तुला आवडती म्हणून तर काढली."

वहिनी हसत, भिंतीला हात लावत घरात गेली. मी भानूला ट्रकच्या आडोशाला ओढलं.

"कधीपासून दिसत नाही त्यांना?"

"जाड रेघा काढल्या ना, तवापासून." त्याचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "तिच्या भावासंगं डोळ्याच्या डाक्तरकडं गेल्ती. इलाज न्हाई म्हणला. मला सांगू नको म्हणून भावाला शपथ घातली तिनं, मी खचंन म्हणून. पर त्यानं सांगितलं मला. तिला वाटतं मला म्हाईतच न्हाई. वाटू दे."

"आणि ते काळ?"

"लोकाला सांगाया कायतरी पायजे ना, बाबा."

बोलता बोलता भानूने तांबड्या रंगाचा डबा उघडलासुद्धा. तेवढ्यात केबिनचं दार वाजलं. मालकाने मागे येऊन बोंब मारली असती, तर सगळं आत ऐकू गेलं असतं. मी धावत जाऊन त्याचा हात धरला आणि त्याला समोरच्या चहाच्या टपरीवर ओढत नेलं.

पहिला घोट घेऊन त्याने वळून पाहिलं. त्याची पांढरीशुभ्र गाय शेपटीकडून तांबडी होत चालली होती.

"आरं, ह्या पेंटरला झालं तरी काय?"

"काळ बदलला," मी म्हणालो आणि त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.