पहिला मुक्काम दुसऱ्या मजल्यावर

वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांनी एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं, की आपली सॅक मेहुण्याच्या सॅकपेक्षा हलकी असली पाहिजे. ठरवलं ते एवढंच. त्यात कुणाचं काही बिघडेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

साहेबांनी आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले होते. काटा केसभर सरकला तरी त्यांच्या कपाळावर आठी चढायची. इमारतीत त्यांच्या माघारी त्यांना 'तोळामासा' म्हणत. (हे त्यांना माहीत होतं. नाव फारच हलकं आहे, एवढीच त्यांची तक्रार होती.)

मेहुणा तलावावर पोहायला शिकवायचा आणि दरवर्षी पंधरवडाभर डोंगरांच्या कडेकडेनं पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायचा. यंदा साहेबांच्या बायकोनं भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "मी जाणार आहे त्याच्याबरोबर. लग्नाआधीच ठरवलं होतं. मग लग्न झालं."

साहेब लगेच म्हणाले, "मग मीपण येतो."

मेहुणा समोरच बसला होता. त्यानं आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाऊजी, मागे दोन दिवसांच्या सहलीला तुम्ही इस्त्री आणली होती."

"लागली ना पण शेवटी?"

"लागली. माझ्या पायाला."

साहेबांनी चहाच्या कपात पाहिलं.

"यायचं तर खुशाल या," मेहुणा म्हणाला. "पण आपलं सामान आपण उचलायचं, आणि वाटेत कुणाकडे काही मागायचं नाही. तिथं जो तो मोजकंच घेऊन आलेला असतो."

बायको भाजी निवडायची थांबली. तिनं नुसतं नवऱ्याकडे बघितलं. आपण यावं असं तिला मनापासून वाटतंय आणि आपण आलो तर काय होईल याची धास्तीही वाटतेय, हे दोन्ही साहेबांना त्या एका बघण्यात दिसलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं कळायला लागतं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातला वजनकाटा जेवणाच्या टेबलावर आला आणि जेवणं ओट्याशी उभ्यानं व्हायला लागली. साहेब एकेक वस्तू काट्यावर ठेवायचे, तिच्याकडे संशयानं बघायचे आणि बाजूला करायचे. टॉवेल गेला, त्याच्या जागी त्याच टॉवेलचा कोपरा आला. झोपायची सतरंजी त्यांनी कात्रीनं कापून खांद्यापासून कमरेपर्यंतच ठेवली. ("पाय काही झोपत नाहीत," असं त्यांनी बायकोला समजावलं.) दात घासायच्या ब्रशचा दांडा त्यांनी इतका छाटला, की घासताना दोन बोटं तोंडात घालावी लागत. वाचायला एक रहस्यकथा घेतली होती. तिची पहिली अर्धी पानं फाडून घरी ठेवायची, कारण तेवढं निघण्यापूर्वी वाचून होईल, असा हिशेब होता. पुस्तक फाडून झालं, वाचून झालं नाही.

मग ते समोरच्या शिवणवाल्या मावशींकडे गेले. मावशींच्या घरात दिवसभर मशीन चालायचं आणि दार सताड उघडं असायचं.

"मावशी, या शर्टाचे खिसे काढा."

"उसवलेत का?"

"नाही, जड आहेत. कॉलरपण काढा."

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि शर्ट उलटसुलट करून पाहिला. "साहेब, बाह्या ठेवू ना?"

साहेबांनी त्यावर खरोखरच विचार केला. "एक आठवडा ठेवा," ते म्हणाले. "मग बघू."

निघायच्या आधीच्या रविवारी बायको भावाबरोबर बूट घ्यायला गेली. घरात कुणी नाही हे पाहून साहेबांनी रंगीत तालीम करायचं ठरवलं. सॅक पाठीला लावून गावाबाहेरच्या टाकीपर्यंत जायचं आणि चालत परत यायचं. दाराशी आल्यावर त्यांनी खिसे चाचपले. म्हणजे जिथं पूर्वी खिसे होते तिथं हात लावला. हातात किल्ल्यांचा जुडगा होता, कपाटाच्या, पेटीच्या आणि बंद पडलेल्या सायकलच्या किल्ल्यांसकट. तो त्यांनी सवयीनं काट्यावर ठेवला. दोन जोड मोज्यांएवढा भरला. मोबाईल त्याहून जास्त. संध्याकाळपर्यंत बायको घरी येणारच, मग हे ओझं कशाला, असा विचार करून त्यांनी दोन्ही तिथंच ठेवलं आणि दार ओढून घेतलं. लॅच पडल्याचा आवाज त्यांना फार गोड वाटला.

चालणं छान झालं. टाकीला वळसा घालून आले तेव्हा दिवस कलला होता, अंगाला घाम होता आणि वारा सुटला होता. जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आले, बेल दाबली. पुन्हा दाबली. मग पायरीवर बसले.

बसल्यावर थंडी वाजायला लागली. स्वेटर घरी होता. सतरंजी अंथरली तर कमरेखालचं सगळं फरशीवर आलं. सॅकमधला सुका खाऊ टाकीपाशीच संपला होता. वेळ जावा म्हणून पुस्तक उघडलं, तर पहिल्याच ओळीत कुणीतरी 'त्या बाईं'च्या खुनाबद्दल बोलत होतं आणि त्या बाई कोण हे घरात टेबलावर होतं.

मावशींनी दारातून पाहिलं. "आत या की."

"नको, नको. तालीम चाललीय," साहेब म्हणाले. कुणाकडे काही मागायचं नाही, ही अट त्यांच्या डोक्यात पक्की होती. थंडी असो की भूक, शब्द म्हणजे शब्द.

मावशी आत गेल्या आणि खुर्ची घेऊन आल्या. "मागितली नाहीत तुम्ही. मीच आणलीय." मग साहेबांचे दात वाजायला लागले, तेव्हा त्यांनी एका गिऱ्हाइकाचा अर्धवट शिवलेला लेडीज ओव्हरकोट त्यांच्या अंगावर चढवला. एक बाही पूर्ण होती, दुसरी टाचण्यांवर होती. "हात हलवू नका फक्त."

दात वाजायचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले. (धंद्याचा कान.) त्यांची नजर सॅकमधून बाहेर आलेल्या ब्रशवर पडली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे काय केलंत साहेब?"

"वजन कमी केलं."

"दातांचं पण होईल."

ते वर जाऊन नवा ब्रश, लोकरी चपला आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आले. मावशींनी सूप आणलं. डॉक्टरांनी उजेडाला टेबललॅम्प आणला आणि मावशींच्या घरातून वायर ओढली. मग दोघांनी स्वतःसाठी खुर्च्या आणल्या, कारण साहेब ते अर्धं पुस्तक मोठ्यानं वाचायला लागले होते आणि मेलेली बाई कोण असावी यावर डॉक्टर आणि मावशी यांचं जोरदार वाजलं होतं. डॉक्टरांच्या मते ती नर्स होती. मावशींना ती कुणाची तरी सवत वाटत होती. साहेबांना त्या संध्याकाळी फार बरं वाटत होतं. इतकं, की जिन्यात पावलं वाजली ती त्यांना ऐकूच आली नाहीत.

बायको आणि मेहुणा बुटांची खोकी घेऊन वर आले. समोर साहेब खुर्चीत, अंगात बायकांचा कोट, मांडीवर गरम पिशवी, पायात लोकरी चपला, शेजारी दिवा.

मेहुण्यानं साहेबांची सॅक एका बोटानं उचलली. "मानलं भाऊजी. माझ्यापेक्षा हलकी आहे." मग त्यानं खुर्च्यांकडे आणि दिव्याकडे पाहिलं. "हे कोण उचलणार?"

"मी काही मागितलेलं नाही," साहेब हळूच म्हणाले. "मावशींना विचार हवं तर."

"खरं आहे," मावशी म्हणाल्या.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती रागावली असती तर त्यांना समजलं असतं. पण ती पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, ती थांबेचना. साहेबांना वाटलं, संपलं. आपण घरी आणि ही डोंगरात. कोटाची टाचलेली बाही टोचायला लागली होती.

डोळे पुसून बायको भावाला म्हणाली, "ते येणार आहेत. अरे, तोंडातून एक शब्द न काढता ज्यांचा असा संसार उभा राहतो, त्यांची डोंगरात काळजी कसली? उलट आपलीच सोय होईल." मग ती नवऱ्याकडे वळली. "पण तुमची सॅक मी भरणार. आणि आधी त्या शर्टाला खिसे लावून घ्या."

असे साहेब डोंगरात गेले. बायकोनं भरलेली सॅक जड होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत स्वतः वाहिली. पायाला फोड आले, एकदा वाट चुकली, एकदा वारा असा आला की तंबू धरून रात्र काढावी लागली. एका खिंडीत नवराबायको दगडावर बसली. खाली ढग होते. बायको म्हणाली, "आलो बाई एकदाचे." साहेबांनी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, आणि बाटलीचं वजन किती असेल हा विचार त्यांच्या मनातही आला नाही. हे त्यांनी परत आल्यावर अनेकांना सांगितलं, पण त्यातलं मोठेपण फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी मावशींना आणि डॉक्टरांना फोटो बघायला बोलावलं. टीव्हीला जोडून एकेक डोंगर दाखवला. प्रत्येकाची उंची सांगितली, चढाला किती दमलो ते सांगितलं. डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मावशी कौतुकानं "हो का" म्हणत होत्या.

शेवटचा डोंगर संपला. साहेब कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

"छान आहे हो सगळं," मावशी म्हणाल्या. "पण साहेब, परत बाहेर कधी अडकणार तुम्ही? आदल्या दिवशी सांगाल का? म्हणजे मी संध्याकाळची गिऱ्हाइकं घेणार नाही."

"आणि शक्यतो रविवारीच अडका," डॉक्टर म्हणाले. "बाकीचे दिवस माझा दवाखाना असतो."