मिडस्टोनचे एक्क्याण्णव पूर्णांक चार टक्के

राज्य सरकारच्या लोकसंख्या-वाटप कक्षानं 'शहरवार हिस्पॅनिक लोकसंख्या' ही यादी प्रसिद्ध केली, आणि आमचं मिडस्टोन राज्यात पहिलं आलं. याआधी मिडस्टोन कशातच पहिलं आलेलं नव्हतं. एकदा गारपिटीत आलं होतं, पण शेजारच्या गावानं हरकत घेऊन तो मान काढून घेतला. यादीला गावोगावची नावंही जोडली होती, आणि त्यांप्रमाणे आमच्यातले एक्क्याण्णव पूर्णांक चार टक्के लोक हिस्पॅनिक, म्हणजे मुळात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतले निघाले. महापौर वेंडेल क्राउस यांनी यादी वाचली आणि खिडकीतून चौकाकडे पाहिलं. चौकात त्यांचे दोन भाऊ, एक मेहुणा आणि लुथरन चर्चचे पाद्री गप्पा मारत होते. चौघांचेही केस मक्याच्या कणसासारखे पिवळे.

"बेतो," महापौरांनी मला विचारलं, "एवढे सगळे राहतात तरी कुठे?"

मी हेरिबेर्तो आर्मिहो. गाव मला बेतो म्हणतं. नगर कचेरीत खिडकी क्रमांक दोनवर एकोणीस वर्षं बसतो. आलेल्या कागदावर 'मिळाला' असा शिक्का मारणं हे माझं काम. कागदात काय लिहिलंय ते वाचणं हे खिडकी क्रमांक तीनचं काम, आणि खिडकी क्रमांक तीन अजून बांधायची आहे.

चूक म्हणाल तर कुणाचीच नव्हती. फॉर्मवर सातवा प्रश्न होता, 'आपण पुढीलपैकी कोण?' समोर चौकटी: मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्युबन, सेंट्रल किंवा साउथ अमेरिकन, आणि शेवटी 'यांपैकी नाही'. आता आमचं राज्य देशाच्या बरोबर मधोमध. आमच्या चौकात एक दगड आहे, त्यावर 'अमेरिकेचा मध्यबिंदू' असं कोरलंय. आमची शाळा सेंट्रल, बँक सेंट्रल, न्हाव्याचं दुकानसुद्धा सेंट्रल. त्यामुळे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मिसेस हेडविग ब्रांट फॉर्म घेऊन खिडकीशी आल्या, तेव्हा त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

"बेतो, शेवटी एकदा सरकारनं आम्हाला आमच्या नावानं विचारलं बघ. आम्ही सेंट्रल अमेरिकन नाही तर कोण रे? माझा आजा त्या दगडापासून चाळीस पावलांवर पुरलाय!"

त्या चौकटीत ग्वातेमाला, होंडुरास इकडची माणसं बसावीत अशी सरकारची अपेक्षा आहे, हे मला ठाऊक होतं. पण आपण भलं आणि आपलं काम भलं. मी शिक्का मारला. त्या आठवड्यात असे हजारावर शिक्के मारले, मनगट सुजलं.

उलट ज्यांच्यासाठी त्या चौकटी छापल्या होत्या, ती मांस-कारखान्यातली माणसं. दारावर टकटक करून कुणी नाव विचारू लागलं की पडदा ओढून गप्प बसायचं, हे त्यांना आयुष्यानं शिकवलेलं. त्यांनी फॉर्मला हातच लावला नाही. राहिलो आम्ही जुने लोक. माझा आजा रेल्वेचे रूळ टाकायला मेक्सिकोतून आला, त्याला तीन पिढ्या झाल्या. मला स्पॅनिशमध्ये जेवता येतं, भांडता येत नाही. मी 'यांपैकी नाही' वर खूण केली. तत्त्वाचा प्रश्न होता. आई जिवंत असती तर तिनं मला तत्त्वासकट चपलेनं बडवलं असतं.

अशा रीतीनं ब्रांट आणि क्राउस हिस्पॅनिक झाले, आणि मी उरलेल्यांत गेलो.

महिनाभरात कक्षाचं पत्र आलं. गावच्या दवाखान्यात अंपारो क्विरोगा नावाची बाई स्पॅनिश दुभाषी म्हणून कामाला होती. ती पत्र घेऊन खिडकीशी आली.

"हे काय लिहिलंय, बेतो?"

"तुझं पद रद्द झालंय. दुभाषी मिळतो तो अल्पसंख्याकांना. गावात एक्क्याण्णव टक्के लोक स्पॅनिश बोलतात म्हटल्यावर डॉक्टरही बोलतच असणार."

"डॉक्टर व्हिटेकर? त्या माणसाला स्पॅनिशमध्ये नमस्काराचं साधं 'ओला' म्हणता येत नाही!"

"तसं कागदावर कुठे नाही."

"कागदावर नाही! आणि औषधांच्या बाटल्यांचं काय? एकेका बाटलीवर मी हातानं लिहून देते, किती घ्यायच्या, कधी घ्यायच्या. उद्यापासून कोण देणार? कुणाचा तरी जीव जाईल रे."

मला खरंच वाईट वाटलं. मी नियमपुस्तक काढलं. "दुरुस्ती-अर्ज करता येतो. यादीतल्या एका हिस्पॅनिक नागरिकानं लिहून द्यायचं की यादी चुकली आहे. एक सही पुरते."

"आमच्या घरात नवऱ्याचे इथे राहायच्या परवान्याचे कागद अडकलेत, आम्ही फॉर्म भरला नाही. पण तू आहेस ना! कर सही."

मी शिक्क्याची शाई तपासू लागलो. शाई भरपूर होती.

"बेतो. तू काय लिहिलंस?"

मी सांगितलं.

"वा रे साहेब!" अंपारो म्हणाली. "तोंडावर अख्खा मेक्सिको, आणि कागदावर 'यांपैकी नाही'!" आणि तिनं पत्र माझ्या तोंडावर नाही, पण टेबलावर आपटलं.

मी महापौरांकडे गेलो. यादीप्रमाणे ते हिस्पॅनिक होते, त्यांची सही चालली असती. ते नव्या पाटीचा रंग निवडत होते: 'राज्यातलं पहिल्या क्रमांकाचं हिस्पॅनिक शहर'.

"मी हिस्पॅनिक नाही असं लिहून देऊ? आणि पहिला नंबर जाऊ दे?" ते दुखावले. "बेतो, आपल्या संस्कृतीचा जरा तरी अभिमान बाळग."

दरम्यान सरकारनं न्याय केला. गावात उरलेल्या आठ पूर्णांक सहा टक्के अल्पसंख्याकांची भाषा इंग्रजी. तिचं रक्षण व्हावं म्हणून अंपारोच्या जागी प्रेस्कॉट लुंड नावाचे इंग्रजी दुभाषी नेमले. माझी पाठ धरली म्हणून मी दवाखान्यात गेलो, तर लुंडसाहेब माझ्या आणि डॉक्टरांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले.

"पाठ दुखते," मी इंग्रजीत म्हणालो.

"ते म्हणतात, पाठ दुखते," लुंड इंग्रजीत डॉक्टरांना म्हणाले.

"ऐकलं मी. कधीपासून?"

"डॉक्टर विचारतात, कधीपासून?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारपासून," लुंडनी सांगितलं आणि वहीत नोंद केली, 'यशस्वी भाषांतर'. खरं सांगतो, मला ते आवडलं. माझ्या पाठीची दखल इतक्या अधिकृतपणे याआधी कुणी घेतली नव्हती.

बहुसंख्याकांनाही सरकार विसरलं नाही. त्यांची सगळी पत्रं, औषधांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा, स्पॅनिशमध्ये येऊ लागली. मिसेस ब्रांटना त्यातलं अक्षर कळेना. नशिबानं त्यांच्या शेजारी तिओ सेल्सो राहायचे. सेल्सो तेहेदा माझे सख्खे काका नव्हते, पण वडील गेल्यावर मला दाढी करायला शिकवली ती त्यांनी. तीस वर्षं कारखान्यात सुरी चालवली, इंग्रजी मात्र 'गुड मॉर्निंग'च्या पुढे सरकलं नाही. त्यांनीही फॉर्म भरला नव्हता, यादीत त्यांचं नाव नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे त्यांच्या बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजीत आली.

त्या शनिवारी मी त्यांच्या पायरीवर बसून मक्याच्या सालीत उकडलेले तमाले खात होतो. मिसेस ब्रांट कुंपणापलीकडून बाटली हलवत आल्या. दोघांनाही रक्तदाबाच्या त्याच गोळ्या, त्याच डॉक्टरांनी दिलेल्या.

"सेल्सो! हे काय लिहिलंय? किती घ्यायच्या?"

तिओनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि एक बोट वर केलं. "एक, सेन्योरा. रोज एक."

"देव तुझं भलं करो," म्हणत त्या गेल्या. मग तिओनी आपली बाटली उचलली, डोळ्यांजवळ धरली, आणि त्यांना हसू फुटलं.

"बघ रे बेतो! त्यांना एक आणि मला अकरा! ऑफिसात बसणाऱ्याचं हृदय एका गोळीत भागतं, कारखान्यातल्याला अकरा लागतात!"

म्हातारा पहिल्यापासून थट्टेखोर. मी एवढा हसलो की तमाले घशात अडकलं, आणि त्यांनीच माझ्या पाठीत थापटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, चौकात पाटीचं उद्‌घाटन होतं. महापौरांनी खांद्याबाहेर जाणारा सोंब्रेरो, मेक्सिकन टोप, घातला होता. बाहेरगावाहून गिटारवाले आणले होते, कारण गावातल्या गिटारवाल्यांची यादीत नोंद नव्हती. अंपारो कोपऱ्यात गाडी लावून तमाले विकत होती. महापौर "आम्ही हिस्पॅनिक लोक" एवढं म्हणाले, आणि मध्यबिंदूच्या दगडाला टेकून उभे असलेले तिओ सेल्सो घसरत खाली बसले. तोंड पांढरंफटक. मी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तुम्ही नातेवाईक नाही, असं सांगून मला बाहेर बसवलं.

तिओ यादीत नव्हते, म्हणजे 'यांपैकी नाही', म्हणजे इंग्रजी अल्पसंख्याक. त्यामुळे रविवार असूनही लुंडसाहेबांना तातडीनं बोलावलं. दाराच्या फटीतून सगळं ऐकू येत होतं.

"किती गोळ्या घेतल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"किती गोळ्या घेतल्या?" लुंडनी तेच वाक्य मोठ्यानं इंग्रजीत सांगितलं.

तिओंचा आवाज गेला होता. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवून कागद मागितला असावा, कारण लुंड म्हणाले, "लिहा, लिहा." मग म्हणाले, "वन्स. म्हणजे एकदा. एकच गोळी, डॉक्टर. बाटलीवरही हेच आहे. मात्रा अगदी बरोबर." मग वहीत नोंद केल्याची खरखर ऐकू आली. डॉक्टर दुसरा आजार शोधायला लागले.

पाऊण तासानं अंपारो मसाल्याच्या हातांनी धावत आली. तिला कुणी अडवू शकलं नाही. तिनं तो कागद पाहिला आणि किंचाळली.

"ओन्से! अरे मूर्खांनो, हे ओन्से आहे! अकरा! अकरा घेतल्यात त्यांनी!"

चारच अक्षरं, ओ, एन, सी, ई. इंग्रजीत वाचली तर 'वन्स', एकदा. स्पॅनिशमध्ये वाचली तर 'ओन्से', अकरा. कागदावर दोन्ही अगदी एकसारखी दिसतात, एका काना-मात्रेचा फरक नाही. मला दोन्ही वाचता येतात. त्या पायरीवर बाटली माझ्यापासून हातभर लांब होती.

तिओ सेल्सो दुपारी गेले.

सोमवारी मृत्यूचा फॉर्म खिडकी क्रमांक दोनवर आला. त्यातही सातवा प्रश्न होता. अंपारो समोर उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती हळू आवाजात म्हणाली, "आता तरी नीट लिही, बेतो. तो कोण होता ते लिही." मी पेन उचललं. पण नियम स्पष्ट आहे: उत्तर यादीप्रमाणे द्यायचं, आणि यादीत नसलेला माणूस 'यांपैकी नाही'. मी तसं लिहिलं. अंपारो निघून गेली, आणि अजूनही ती माझ्या खिडकीवर येत नाही. तिओ आणि मी आता एकाच चौकटीत आहोत.

मिडस्टोनमध्ये फॉर्म भरणारे होते बाराशे. तिओ त्यांत नव्हते, पण मृत्यूच्या फॉर्मवरून 'यांपैकी नाही'मधला एक माणूस वजा झाला, तेव्हा टक्केवारी आपोआप एक्क्याण्णव पूर्णांक पाच झाली. महापौरांनी पाटी पुन्हा रंगवून घेतली. लुंडसाहेबांच्या अहवालात त्या रविवारची नोंद यशस्वी भाषांतर म्हणूनच आहे, आणि ती नियमाला धरूनच आहे. मिसेस ब्रांट रोज एक गोळी घेतात आणि ठणठणीत आहेत. कुंपणाशी उभ्या राहून विचारतात, "मला सेल्सोनं समजावलं, मग त्याला कुणी कसं समजावलं नाही रे?"

मी काय सांगणार? म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं. स्वच्छ सांगितलं होतं, आकड्यानिशी. मी हसलो.

आणि तुम्ही? एक आणि अकरा वाचताना तुम्हीही हसलात ना? या इकडे, खिडकी क्रमांक दोन. तुमचाही कागद द्या, शिक्का मारतो. 'मिळाला.'