सासऱ्यांची जड बॅग

मशीन सुरू होत नाही याचं जावयाला फार वाईट वाटत होतं. निदान चेहरा तरी त्याने तसा ठेवला होता. गवत कापायचं ते मशीन त्यानेच बंद पाडलं होतं.

‘इंजिनात ठिणगी का पडत नाही’ हा दुरुस्तीचा व्हिडिओ त्याने मन लावून उलटा समजून घेतला होता. मशीन बंद करायच्या खटक्याची तार जराशी सोलायची आणि लोखंडी दांड्याला टेकवून ठेवायची. मग दोरी कितीही ओढा, ठिणगी मेलेली आणि रविवार जिवंत.

गवत मात्र इतकं माजलं, की शेजारचं मांजर आत शिरलं की नुसती शेपटी फिरताना दिसे.

“संध्याकाळी आमच्या ऑफिसातल्या मॅडम चहाला येताहेत,” बायको म्हणाली. “बागेत. म्हणून मी बाबांना बोलावलंय.”

सासऱ्यांची सगळी हयात कारखान्यात इंजिनं दुरुस्त करण्यात गेली होती. तार सापडली तर संध्याकाळच्या चहाला मॅडमसमोर आपणच तोंडी लावायला असणार, हे जावयाला स्वच्छ दिसलं.

सासरे एक बॅग कशीबशी ओढत आले आणि थेट मशीनपाशी बसले. त्यांनी ठिणगी पाडणारा प्लग काढला, वायर लावून इंजिनाच्या अंगाला टेकवला.

“ओढा दोरी. ठिणगी दिसते का बघू.”

जावयाने ओढली.

“जोर लावा, जावईबापू. मशीनची दोरी आहे, पाळण्याची नाही.”

“लावतोय, बाबा.”

“आणि तो दांडा सोडा जरा.”

“आधार देतोय.”

“त्याला का स्वतःला?”

ठिणगी काही पडली नाही. सासऱ्यांनी जावयाला पॉलिश पेपर आणायला पाठवलं. तो परत आला तेव्हा ते प्लग पायरीवर हलकेच ठोकत शीळ घालत होते. मग प्लग परत बसवून त्यांनी चहा मागवला. मग सावलीत खुर्ची. मग आजचा पेपर.

“इंजिन निवू द्यावं लागतं,” ते म्हणाले.

“पण बाबा, ते तापलंच नाहीये,” बायको म्हणाली.

“म्हणूनच वेळ लागतोय.”

दुपार कलली तरी इंजिन निवतच होतं. बायको दारात आली, वडिलांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “बाबांच्या हातातली कला गेली गं बाई आता.” सासऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर थरथरला.

जावयाला राहवलं नाही. आपल्या रविवारच्या झोपेपायी म्हाताऱ्याच्या जन्मभराच्या कामावर पाणी? बायको आत जाताच तो मशीनकडे सरपटला. तार सोडवायची, दोरी ओढायची, श्रेय बाबांना.

पण तार दांड्याला नव्हतीच. तिला काळी चिकटपट्टी गुंडाळून कुणीतरी नीट बाजूला ठेवली होती. त्याने दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. त्याला दरदरून घाम फुटला. आता ते खरंच बिघडलं होतं!

“उगाच हात दुखेल,” पेपरामागून आवाज आला.

“बाबा, ती तार...”

“आल्या आल्या सापडली. कच्चं काम. तार कुणालाही दिसते.” सासऱ्यांनी पेपर खाली केला. ते हसून हसून लाल झाले होते. “प्लगच्या टोकाला बारीक फट असते. पायरीवर ठोकून ती मिटवली की ठिणगी उडणार कुठून? फट कोण बघतं? घरी आमचं मशीन याच दुखण्याने वर्षानुवर्षं पडून आहे.”

जावयाचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत सासऱ्यांशी त्याचं असं मन कधी जुळलं नव्हतं.

तेवढ्यात बायको आली. दोन्ही हातांत गवत कापायच्या दोन मोठ्या कात्र्या.

“मशीन राहू दे. दोघं मिळून हाताने कापा.”

“बाबा, फट उघडा ना!” जावई कुजबुजला.

“आत्ता सुरू झालं तर दिवसभर काय करत होतो, ते तुम्ही सांगणार?”

जावयाने एक कात्री हातात घेतली. मग त्याने विचारलं, “अगं, पण आपल्याकडे तर एकच कात्री होती.”

“दुसरी बाबांच्या बॅगेत, तळाशी. आईने घालून दिली. फोनवर म्हणाली, मशीन बघायला गेलेत ना, लागेलच.”

“तरीच सकाळपासून बॅग एवढी जड लागत होती,” सासरे पुटपुटले आणि गवतात वाकले.