मुंगसाची टोपी आणि दहा हजार कोंबड्या

एका जंगलात, बाळांनो, तरसशेठचं दहा हजार कोंबड्यांचं खुराडं होतं. सगळं जंगल त्याचीच अंडी खायचं. एके सकाळी सगळं जंगल पोट धरून बसलं.

जंगलाचे अन्नतपासनीस होते नकुळराव मुंगूस. त्यांची लेक चिंगीसुद्धा आजारी पडली. आदल्या दिवशी तिनं शेठचीच दोन अंडी खाल्ली होती. नकुळरावांचा जीव कासावीस झाला. सरकारी टोपी चढवून ते तडक खुराड्याच्या फाटकावर गेले.

"दार उघडा. तपासणी आहे."

शेठ आतूनच हसला. तरसच तो, हसणारच. "या ना साहेब! पण कायदा काय म्हणतो?"

कायदा नकुळरावांना तोंडपाठ होता. शंभराच्या वर कोंबड्या असतील, तर मालकाच्या परवानगीनंच आत जावं.

"मग द्या परवानगी."

"देणार की! आधी जरा धुऊनपुसून घेतो. पुढच्या महिन्यात या."

नकुळराव वळसा घालून मागे गेले. तिथं नाक फाटेल अशी घाण येत होती, आणि भिंतीत एक भोक होतं. मुंगसाला आणखी काय हवं? त्यांनी डोकं घातलं. टोपी अडकली.

टोपी काढली असती तर ते सहज आत गेले असते. पण टोपीशिवाय शिरलेला मुंगूस म्हणजे चोर, आणि चोराचा अहवाल कोण वाचणार? त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि टोपी नीट केली. अस्सा राग आला मला त्यांचा!

अहवाल तर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. मग ते साळिंदर आजीकडे गेले. आजीच्या कोंबड्या तीन. तिथं परवानगी लागत नव्हती.

"अरे मेल्या, माझी अंडी मी एकटीच खाते! मला काही झालंय का?"

"आजार लपवते," असं नकुळरावांनी लिहून घेतलं आणि आजीच्या खुराड्याला सील ठोकलं.

राजानं शाबासकी दिली. शेठनं साहेबांच्या घरी अंड्यांची टोपली पाठवली.

नकुळरावांनी चिंगीच्या उशाशी बसून तिला सगळी हकिकत सांगितली. भोकाचीसुद्धा. चिंगीनं टोपलीकडे पाहून तोंड फिरवलं.

"बाबा," ती बारीक आवाजात म्हणाली, "टोपी काढून जायचं ना."

 नकुळरावांची टोपी तेव्हाही डोक्यावरच होती.

तात्पर्य: बाळांनो, कोंबड्या पाळायच्याच असतील, तर तीन कधी पाळू नका. दहा हजार पाळा.