राऊतकाकांचे निळे कंदील

आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाचा पहिल्याच दिवशी एक गैरसमज होतो. खालच्या बाकावर एक गृहस्थ डोक्यावरून पंचा ओढून, वाकून बसलेले दिसतात. नवा माणूस काळजीने विचारतो, "काकांना सर्दी झालीय का? वाफ घेताहेत का?"

मी सांगतो, "नाही. भाव लावताहेत."

पंच्याखाली मोबाइल असतो, मोबाइलमध्ये गेम असतो आणि त्या गेममध्ये आमचे दामोदर राऊत, वय सत्तरीच्या पलीकडे, ढाली विकत असतात.

काकांचं सगळं आयुष्य बाजारात गेलं. वसईच्या वाडीतली केळी, अळू, विड्याची पानं घेऊन ते घाऊक बाजारात जायचे. त्या काळी तिथे भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. व्यापाऱ्याच्या आणि आपल्या हातावर मिळून एक रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्याला कळता कामा नये. पुढे वाडीच्या वाटण्या झाल्या, काका-काकू गोखिवऱ्याला आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. बाजार सुटला, रुमाल सुटला नाही. मोबाइल मोठा म्हणून रुमालाचा पंचा झाला, एवढंच.

मी एकदा म्हटलं, "काका, तुम्ही बटण दाबलंत की भाव सगळ्या जगाला दिसतोच ना?"

"दिसूदे की. लावताना नाय दिसला पायजे."

मी बँकेत उभी हयात घालवलेला माणूस, पण काकांशी व्यवहारावर वाद घालायची हिंमत मला कधी झाली नाही.

गेम साधाच आहे. लोक त्यात किल्ले बांधतात आणि तलवारी घेऊन राक्षसांच्या मागे धावतात. काकांनी आजवर एकाही राक्षसाला हात लावलेला नाही. "त्यानं माझं काय वाकडं केलंय?" असं ते विचारतात. पण त्या गेममध्ये खेळाडूंचा एक बाजार आहे. कोणी ढाल विकतं, कोणी अस्वलाचं कातडं, कोणी औषधी काढा. लढून दमलेला माणूस आपला माल पडत्या भावात टाकून जातो. काका तो उचलतात आणि लढायला निघालेल्या दुसऱ्या माणसाला चढ्या भावात विकतात. नफा गेममधल्या नाण्यांत होतो आणि त्या नाण्यांत साधा वडापावसुद्धा येत नाही. काकूंचं सगळं म्हणणं तेच होतं. त्या खिडकीतून ओरडायच्या, "चहा निवला. त्या ढाली ठेवा खाली आधी."

काका मात्र या धंद्यावर खूश होते. "भाऊ, जन्मभर पालेभाजी विकली. संध्याकाळपर्यंत खपली नाय तर गुरांपुढे. इथं बघा, माल सडतच नाय. पानी मारायला नको, झाकायला नको. एकदा मांडला की विकला जाईपर्यंत जसाच्या तसा. असा धंदा देवानं मला तरुनपनी का नाय दिला?"

दिवसाची पहिली विक्री झाली की मोबाइल कपाळाला लावायचा, ही त्यांची भवानी. पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, म्हणून ते त्याला वर एक काढ्याची बाटली फुकट पाठवत. परदेशातला कोणी योद्धा गोंधळून इंग्रजीत विचारायचा, हे कशाबद्दल? काका मराठीत उत्तर लिहायचे, "पुन्हा या."

फसायचेही. एका गणपतीच्या आधी त्यांनी बाजारातली सगळी जंगली पानं विकत घेतली. गौरी आल्या की वसईत पानांचा भाव चढतो, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. गौरी आल्या, जेवल्या, गेल्या. पान हलेना. "काका," मी म्हटलं, "त्या खेळाडूंना गौरी कधी असतात हे कुठून माहीत असणार?" काका पंचा सावरत म्हणाले, "मग पंचांग द्यायला पायजे गेममध्ये."

असा हा पक्का बाजारवाला. पण एका मालात त्यांचं गणित साफ चुकायचं. निळा कंदील. हा कंदील ते मिळेल त्या भावाला विकत घेत आणि त्याहून कमी भावात विकायला मांडत. ढालींत मिळवलेलं सगळं कंदिलांत घालवत. मी चेष्टा करायचो, "काका, कंदिलाखालीच तुमचा अंधार आहे." ते हसायचे नाहीत. "एखादा माल तोट्यातबी ठेवावा लागतो," एवढंच म्हणायचे आणि पंचा पुढे ओढायचे.

मग गेल्या वर्षी काकांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकापाठोपाठ झाली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंबाचं औषध दिलं, डोळ्यांना पाणी लावायचं नाही आणि मोबाइल बघायचा नाही असं बजावलं. दुसऱ्याच दिवशी काकांनी मला बोलावून घेतलं. मोबाइल माझ्या हातात दिला.

"भाऊ, थोडे दिवस माझे डोळे व्हा. ढालींचं जाऊदे. कंदील बघा. माझे किती राहिलेत?"

बाजारात निळे कंदील स्वस्ताकडून महागाकडे ओळीने लावलेले होते. सगळ्यांत वर काकांचे, पडत्या भावातले. त्याखाली एकच कंदील, बऱ्यापैकी महाग. त्यावर दुकानाचं नाव होतं. मी मोठ्याने वाचलं, "राऊत आणि वडील, गोखिवरे."

वडील म्हणजे काका. म्हणजे हे दुकान केतनचं.

केतन काकांचा एकुलता एक मुलगा. सातिवलीला एका कारखान्यात कामाला होता. हसरा, जिन्यात भेटला की हातातली पिशवी काढून घेणारा. तीन पावसाळ्यांपूर्वी त्याला कावीळ झाली आणि श्रावण संपायच्या आत तो गेला. काकांनी त्याबद्दल माझ्याशी कधी एक शब्द काढला नव्हता. मीही विचारलं नव्हतं. अशा वेळी काय विचारायचं हे मला कधीच कळलेलं नाही.

"त्याचाच गेम हा," काका म्हणाले. "मी ओरडायचो, घरी आला की मोबाइल. तर एकदा म्हनाला, बाबा, ह्याच्यात बाजार पन हाय. आनि मला दुकान काढून दिलं. स्वतःच्या दुकानाचं नाव बघा काय ठेवलं. लोक 'आणि मुलगे' लिहितात, हा लिहितो 'आणि वडील'."

पहिल्यांदाच ते थोडे हसले.

"तो कंदील त्यानं स्वतः बनवला. किती दिवस काचा गोळा करत होता. आनि हा भाव लावला. मी बोललो, येडा हायस काय, एवढा भाव कोन देनार? उतरवशील दोन दिवसांत. म्हनाला, नाय उतरवनार, बाबा. माझी मेहनत हाय. तेव्हापासून तिथंच हाय."

आता सगळं माझ्या लक्षात आलं. गिऱ्हाईक आधी स्वस्त माल उचलतं. काकांचे स्वस्त कंदील वर आहेत तोवर केतनच्या कंदिलाला कोणी हात लावणार नाही, आणि त्याला हात लागत नाही तोवर त्याच्या दुकानाची पाटी बाजारात राहणार. ज्या माणसाने जन्मभर माल खपावा म्हणून जिवाचं रान केलं, तो आपल्या मुलाचा माल खपू नये म्हणून तोटा सोसत होता.

मी म्हटलं, "काका, मग तुम्हीच का नाही घेत तो विकत?"

"घेतला की पाटी उतरली, भाऊ. मला कंदील नको हाय."

त्या दिवसापासून रोज सकाळी मी बाकावर बसून काकांना कंदील वाचून दाखवू लागलो. ते शेवटी विचारायचे, "आनि त्याचा?" मी म्हणायचो, "आहे." मग ते चहाला जायचे. मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण "आहे" म्हणताना मलाही बरं वाटायचं.

आठवडा झाला असेल. त्या सकाळी गेममध्ये कसलासा दिव्यांचा सण लागला. प्रत्येकाला आपल्या किल्ल्यावर निळा कंदील टांगायचा होता. काकांचे कंदील माझ्या डोळ्यांदेखत जाऊ लागले.

"घ्या अजून," काका म्हणाले. "कुठल्याबी भावाला घ्या."

लोक नवे कंदील विकायला आणत होते, ते मी दुप्पट भावाने घेतले, मांडले, गेले. पुन्हा घ्यायला गेलो तर बाजारात दुसऱ्या कोणाचा कंदीलच उरला नव्हता.

"काका, आपले संपले."

"त्याचा?"

"आहे."

काकांनी बाकाची कड घट्ट धरली. मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. ओळ रिकामी होती. मी म्हटलं, "गेला, काका."

"कितीला गेला?" त्यांनी विचारलं.

"त्याने लावला होता त्याच भावाला."

"कमी नाय?"

"एक नाणंही कमी नाही, काका."

ते मान हलवत राहिले. "मी बोललो होतो, कोन देनार नाय. पोराचा अंदाज बरोबर होता. मलाच बाजार नाय कळला." मग त्यांनी चाचपडत माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि कपाळाला लावला. "त्याची भवानी झाली, भाऊ. लागला असेल आता कोनाच्या तरी किल्ल्यावर."

काकू औषधाची बाटली घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण एरवी गेमचं नाव काढलं की भडकणाऱ्या काकूंनी हळूच विचारलं, "केतनचा गेला?"

काकांनी पंचा डोक्यावरून पुढे ओढला आणि वाकून बसले. मोबाइल बाहेर, बाकावरच पडला होता.

"डोळ्यांना पानी लावायचं नाय म्हनलेत डॉक्टर," काकू म्हणाल्या. पण त्यांनी पंचा बाजूला केला नाही. बाटली मुठीत धरून त्या त्यांच्या शेजारी बसल्या.

दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेले गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन येत होते. थांबले आणि काळजीने विचारते झाले, "काकांना सर्दी झालीय का?"

मी म्हटलं, "हो."